दुसऱ्याचा कोड: सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग वर्गात कसं आलं

संगणकाचा इतिहास म्हटला की आपण बहुतेक वेळा यंत्रांचा इतिहास सांगतो. खोलीएवढं यंत्र, मग टेबलावरचं, मग खिशातलं. आज मला वर्गाचा इतिहास सांगायचा आहे. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाचा विषय विद्यापीठात कधी शिरला, कुणी शिरवला, आणि तो शिकवताना नेमकं काय अडलं.

काय अडलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. वर्गात विद्यार्थी प्रोग्राम लिहितो. सर तो चालवून बघतात, जर्नलवर सही होते, आणि त्याच दिवशी तो प्रोग्राम मरतो. पुन्हा कुणी तो उघडत नाही. लिहिणाऱ्यानं लिहिला, लिहिणाऱ्यानंच चालवला, संपला विषय. कामाच्या जागी मात्र प्रोग्रामचं आयुष्य लिहून झाल्यावर सुरू होतं. लिहिणारा नोकरी सोडून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, बँकेचे नियम बदलतात, कर बदलतो, आणि कुणीतरी परक्या माणसानं लिहिलेल्या हजारो ओळींत हात घालून बदल करायचा असतो. हे वर्गात कसं शिकवायचं? पन्नास-पंचावन्न वर्षं या एका प्रश्नाशी शिक्षक झुंजतायत असं माझं मत आहे. बाकीच्या आकृत्या, मॉडेलं, व्याख्या, हे सगळं मी दुय्यम मानतो. तुम्ही सहमत नसाल तर शेवटी भांडू.

सुरुवात फ्रेड ब्रूक्सपासून करू या. एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमनं सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ओएस ३६०, बनवण्याच्या कामाचे प्रमुख ब्रूक्स होते. काम लांबलं, खर्च वाढला, एका वेळी हजाराच्या वर माणसं त्यावर होती. पुढे ब्रूक्स चॅपेल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक झाले, तिथला संगणकशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला आणि १९७५ साली त्या अनुभवावर 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की काम अजून उशिरा होतं, हा त्यातला सिद्धान्त सगळ्यांना माहीत असतो. मला त्याच पुस्तकातला दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो. एकट्यानं स्वतःसाठी प्रोग्राम लिहायला जेवढे कष्ट पडतात, त्याच्या तिप्पट कष्ट तो इतरांना वापरता येईल असा करायला लागतात. म्हणजे टेस्टिंग, कागदपत्रं, चुकीचा डेटा आला तर काय करायचं, हे सगळं. शिवाय तो एका मोठ्या व्यवस्थेचा भाग म्हणून इतर प्रोग्रामांबरोबर चालायचा असेल तर आणखी तिप्पट. तीन गुणिले तीन, नऊ.

आता हा हिशोब वर्गाला लावून बघा. विद्यार्थी तीन वर्षं जे करतो तो या नऊतला एक भाग. उरलेले आठ भाग त्याला दिसतच नाहीत. आणि पगार त्या आठ भागांचा मिळतो.

विषयाला नाव मिळालं ते ऑक्टोबर १९६८ मध्ये, जर्मनीतल्या गार्मिश गावी. 'नाटो'च्या विज्ञान समितीनं परिषद भरवली होती, अध्यक्ष होते म्युनिकचे फ्रीड्रिश बाउअर, आणि अकरा देशांतून पन्नासेक माणसं जमली होती. काही कंपन्यांतली, काही विद्यापीठांतली. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी निवडलेलं होतं. पूल बांधणाऱ्याला इंजिनिअर म्हणतात कारण त्याच्या मागे शास्त्र आहे, जुनी परंपरा आहे. आपल्यामागे काय आहे, असा त्यातला टोमणा. परिषदेचा अहवाल पीटर नाउर आणि ब्रायन रँडेल यांनी संपादित केला. त्यात शिक्षणावरही एक भाग आहे, पण छोटा. विषयाचं बारसं झालं, पाळण्यात घालायला बाळ नव्हतं, अशी अवस्था.

बाळ कुठे जन्मलं म्हणाल तर माझ्या मते पिट्सबर्गला, कार्नेगी मेलन विद्यापीठात, डेव्हिड पार्नास यांच्या वर्गात. इथे जरा थांबू या, कारण हे उदाहरण समजलं तर बरंच काही समजतं.

ग्रंथालयात पुस्तकांच्या नावांची सूची असते. समजा पुस्तकाचं नाव 'मराठी नाटकाचा इतिहास'. हे नाव 'म'खाली सापडेल. पण वाचकाला 'नाटक' एवढंच आठवत असेल तर? म्हणून नाव फिरवायचं: 'नाटकाचा इतिहास मराठी', 'इतिहास मराठी नाटकाचा'. अशी सगळी फिरवलेली नावं अकारविल्हे लावली की शोधणाऱ्याला कुठल्याही शब्दावरून पुस्तक सापडतं. हा प्रोग्राम छोटा आहे, चांगला विद्यार्थी आठवड्याभरात लिहील. पार्नासनी डिसेंबर १९७२ च्या लेखात विचारलं, की हा प्रोग्राम भागांत तोडायचा असेल तर कसा तोडाल?

सगळे जसा तोडतील तशी पहिली पद्धत: आधी नावं आत घ्या, मग फिरवा, मग क्रम लावा, मग छापा. चार पायऱ्या, चार भाग, वर एक मुकादम. दिसायला सुरेख. पण नावं मेमरीत कशी ठेवली आहेत हे या पद्धतीत प्रत्येक भागाला माहीत असावं लागतं. उद्या ठेवण्याची पद्धत बदलली, की चारही भाग उघडून दुरुस्त करा. पार्नासची दुसरी पद्धत अशी, की जे बदलण्याची शक्यता आहे ते प्रत्येकी एका भागात कोंडून ठेवा. नावं कशी साठवली ते फक्त एका भागाला ठाऊक. बाकीच्यांनी त्याला एवढंच विचारायचं: अमक्या ओळीतल्या अमक्या शब्दातलं अमकं अक्षर दे. आत काय चाललंय ते विचारायचं नाही.

तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत ते म्हणतील, यात काय नवं? आज हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय हे खरं. पण हे वर्गात कसं आलं ते बघा. एकाच भागाचं वर्णन पार्नास वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना देत. प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं, दुसऱ्याचं न बघता तो लिहायचा. मग या विद्यार्थ्याचा एक भाग, त्या विद्यार्थ्याचा दुसरा, अशी जोडणी करून संपूर्ण प्रोग्राम चालवायचा. ज्याच्याशी तुम्ही बोललाही नाहीत, त्याच्या कोडबरोबर तुमचा कोड चालला पाहिजे. वर्णनात संदिग्धता राहिली असेल तर ती इथे उघडी पडते, कारण शेजारी जाऊन 'अरे, तू हे कसं धरलंयस?' असं विचारायची सोयच ठेवलेली नाही. माझ्या माहितीत विद्यापीठाच्या वर्गात 'दुसरा माणूस' इतक्या ठरवून आणल्याचं हे सगळ्यात आधीचं उदाहरण.

टोरांटोत जेम्स हॉर्निंग आणि डेव्हिड वॉर्टमन यांनी यात बाजार घातला. त्यांचा लेख १९७७ चा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला तेव्हा 'सॉफ्टवेअर हाउस' म्हणत. मग विद्यार्थ्यांच्या तीन-चार जणांच्या कंपनीला काय म्हणायचं? तर 'सॉफ्टवेअर हट'. झोपडी! प्रत्येक झोपडीनं आपल्या वाट्याचा भाग लिहायचा, तो खोट्या पैशांत इतरांना विकायचा, आपल्याला हवे असलेले भाग त्यांच्याकडून विकत घ्यायचे, आणि मग त्या विकतच्या मालात बदल करून दाखवायचे. हिशोब नफा-तोट्यात. आता गंमत बघा. ज्याचा कोड नीट लिहिलेला, नीट समजावलेला, त्याला गिऱ्हाईक. आणि घाईत कसातरी चालणारा माल विकत घेतला की पुढच्या टप्प्यात तो बदलताना घेणाऱ्याचे हाल. 'कॉमेंट लिहा रे' असं शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते एका फसलेल्या खरेदीनं होतं.

आता सिडनी. ही गोष्ट खरं तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाची आहे, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या नव्हे. पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. १९७४ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचा युनिक्सवरचा लेख प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ या विद्यापीठानं बेल लॅबकडून युनिक्स मागवलं. एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. १९५६ च्या एका सरकारी तडजोडीमुळे तिला संगणकाचा धंदा करायला बंदी होती. म्हणून विद्यापीठांना युनिक्स नाममात्र किमतीत मिळे, आणि मुख्य म्हणजे मूळ कोडसकट मिळे. लायन्सनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा कोड, साधारण नऊ हजार ओळी, ओळींना क्रमांक देऊन एका पुस्तिकेत छापला. दुसऱ्या पुस्तिकेत त्यावर भाष्य. आपल्याकडे सूत्रावर भाष्य लिहितात ना, अगदी तसं: अमुक क्रमांकाची ओळ घ्या, ती इथे का आहे, ती नसती तर काय बिघडलं असतं.

विद्यार्थ्यांनी आजवर पाहिलेले प्रोग्राम शंभर-दोनशे ओळींचे असत, तेही पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून घासूनपुसून ठेवलेले. इथे उस्ताद लोकांनी रोजच्या वापरासाठी लिहिलेला, चालता, अख्खा प्रोग्राम हातात आला. त्यातल्या युक्त्या दिसल्या, तडजोडी दिसल्या, ओबडधोबड जागाही दिसल्या. आणि नऊ हजार ओळी म्हणजे एका माणसाला एका सत्रात संपूर्ण वाचता येईल एवढा मजकूर. हे माप फार महत्त्वाचं आहे. त्याहून मोठा असता तर वाचून झाला नसता, लहान असता तर खोटा वाटला असता.

१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात अट आली: हा कोड वर्गात शिकवायचा नाही. झालं. लायन्सचं भाष्य मग हातोहात फिरायला लागलं, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. रीतसर पुस्तक म्हणून ते १९९६ साली बाहेर आलं, म्हणजे वीस वर्षांनी. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, लायन्स वारले. त्या बंदीचा आणखी एक परिणाम झाला. ॲमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबाउम यांना आपल्या विद्यार्थ्यांना दाखवायला कोड उरला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली आणि १९८७ मध्ये पुस्तकात कोडसकट छापली. ते पुस्तक हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याच्या हाती पडलं. १९९१ साली त्यानं लिनक्स सुरू केलं. एका कंपनीच्या वकिलांनी तासावर बंदी घातली त्याची ही वंशावळ आहे.

इकडे अमेरिकेत या विषयाच्या स्वतंत्र पदव्या सुरू होत होत्या, आणि भांडण कशावरून, तर नावावरून. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठानं १९७८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. या विद्यापीठात इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं. मग तुम्ही 'इंजिनिअरिंग' शब्द कसा वापरता, असा बाहेरून दबाव आला आणि १९८० मध्ये पदवीचं नाव बदलून 'सॉफ्टवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट' असं झालं. याच टेक्सास राज्यानं १९९८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरना रीतसर व्यावसायिक इंजिनिअर म्हणून परवाना द्यायला सुरुवात केली, अमेरिकेत सर्वात आधी. मॅसॅच्युसेट्समध्ये वँग लॅबोरेटरीजचे संस्थापक अ‍ॅन वँग यांनी याच विषयाला वाहिलेली एक संस्था १९७९ मध्ये काढली. नोकरी करून आलेल्यांनाच तिथे प्रवेश. ती संस्था १९८७ मध्ये बंद पडली, पण तिथला अभ्यासक्रम आणि तिथली काही माणसं पुढे पिट्सबर्गला कामी आली.

पिट्सबर्गला, म्हणजे पुन्हा कार्नेगी मेलनला, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशांतून १९८४ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. या संस्थेनं १९८९ मध्ये शिक्षकांसाठी एक संच तयार केला. त्यात अ‍ॅडा भाषेतला दहा हजार ओळींचा एक चालता प्रोग्राम, त्याची कागदपत्रं आणि त्यावर करायची कामं होती. इथे बदल करा, बदलामुळे आधीचं काही मोडलं नाही ना ते तपासा, दुसऱ्याच्या बदलाची तपासणी करा. नऊ हजार आणि दहा हजार. दोन्हीकडे माप जवळजवळ तेच आलं हे मला लक्षणीय वाटतं. त्याच वर्षी तिथे पदव्युत्तर पदवी सुरू झाली आणि जेम्स टोमेको यांनी तिच्यात 'स्टुडिओ' आणला. कल्पना आर्किटेक्चर कॉलेजातली. सगळा अभ्यासक्रमभर एक खरं गिऱ्हाईक, एक गट, एक काम, आणि पाठीशी जाणते शिक्षक. टोमेको हे अंतराळयानांवरच्या संगणकांचे इतिहासकारही होते. दुरुस्त करायला माणूस पाठवता येत नाही अशा ठिकाणच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास केलेला माणूस स्टुडिओ काढतो, हे मला साहजिक वाटतं.

या सगळ्याला विरोध नव्हता असं समजू नका. एड्सगर डाइक्स्ट्रा, तेही तेव्हा टेक्सासलाच, ऑस्टिनला. १९८८ मध्ये त्यांनी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रोग्राम हे गणित आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला यंत्रापासून दूर ठेवा आणि सिद्धता करायला शिकवा. माणसांची जुळवाजुळव शिकवणं म्हणजे प्रोग्राम नीट लिहिता येत नाही हे मान्य करून चालण्यासारखं आहे. मला डाइक्स्ट्रांबद्दल आदर आहे. पण त्यांच्या वर्गातही विद्यार्थी स्वतःचाच प्रोग्राम सिद्ध करतो. दुसऱ्याचा कुठे येतो?

आता आपल्याकडे वळू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रा. आर. नरसिंहन यांच्या पुढाकारानं सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. १९८५ मध्ये त्याची जुहूला स्वतंत्र संस्था झाली, एनसीएसटी. तिचा सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीचा पदविका अभ्यासक्रम नावाजलेला होता. आयआयटी कानपूरच्या पंकज जलोटे यांचं पाठ्यपुस्तक १९९१ मध्ये आलं, आणि त्यात एकच उदाहरण, कॉलेजच्या तासांचं वेळापत्रक लावण्याचं, प्रकरणामागून प्रकरण पुढे नेलेलं आहे. म्हणजे सामग्री नव्हती असं म्हणता येत नाही.

पण विद्यापीठाच्या परीक्षेत हा विषय शिरला आणि त्याचा थिअरी पेपर झाला. वॉटरफॉल मॉडेलची आकृती काढा, फायदे-तोटे लिहा, दहा गुण. त्या आकृतीचं मूळ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखात आहे, आणि रॉइसनी ती सरळ पायऱ्यांची आकृती दाखवून लगेच सांगितलं होतं की असंच कराल तर धोक्यात याल. त्यांनी ती सावधगिरी म्हणून काढली, आपण ती पाठ करून घेतो.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. मी बाहेरचा परीक्षक म्हणून वेगवेगळ्या कॉलेजांत जातो. ब्लॅक बुक सोनेरी अक्षरांत, चार प्रती, व्यवस्थित. मी एकच काम सांगतो: या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून दाखव. गटातल्या चौघांपैकी एक जण कॉम्प्युटरकडे जातो, तिघं भिंतीकडे बघतात. (हशा) हसताय, पण मला त्या मुलांचा राग येत नाही. प्रोजेक्ट विकत आणलेला असतो बऱ्याचदा, हे सगळ्यांना माहीत असतं. टोरांटोतसुद्धा विकतच घ्यायचा होता! फरक एवढाच, की तिथे विकत घेतल्यावर तो उघडून बदलावा लागे, आणि खरे गुण तिथे होते. आपल्याकडे विकत घेतला की काम संपतं.

हे आत्ता बोलण्याचं कारणही सांगतो. आता विकायलाही कुणी लागत नाही. यंत्राला सांगितलं की ते पाचशे ओळी मिनिटात लिहून देतं, आणि त्या चालतातही. म्हणजे आजचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून परक्यानं लिहिलेल्या कोडचा मालक होतोय. तो बरोबर आहे का, कुठे फसेल, कुठला बदल कशाला धक्का लावेल, हे सांगायला त्याला वाचता आलं पाहिजे. लिहायला शिकवण्याची आपली सगळी घडी बसलेली आहे. वाचायला शिकवण्याचा तास वेळापत्रकात नाही.

करायचं म्हटलं तर साहित्य कपाटात पडलंय. गेल्या वर्षीच्या बॅचचा प्रोजेक्ट या वर्षीच्या बॅचला द्या. नवा प्रोजेक्ट नाही, हाच पुढे न्या. आणि ज्यांनी तो लिहिला त्यांचे काही गुण पुढच्या बॅचच्या तक्रारीवर ठेवा. मी हे सुचवतो तेव्हा समोरून ठरलेलं उत्तर येतं: सर, टर्मवर्क पंचवीस गुणांचं आहे, निकाल जूनमध्ये लागतो, पुढच्या बॅचची तक्रार येईपर्यंत मुलं बाहेर पडलेली असतात. अडचण खरी आहे. टोरांटोवाल्यांनी ती एकाच सत्रात तीन फेऱ्या बसवून सोडवली होती. तेरा-चौदा आठवड्यांच्या आपल्या सेमिस्टरमध्ये दोन फेऱ्या तरी बसतील असा माझा अंदाज आहे. इथे दोन-तीन कॉलेजांतले शिक्षक बसलेले दिसतायत मला. वेळापत्रक त्यांच्या हातात असतं, तेव्हा पहिला प्रश्न त्यांच्याकडून घेऊ या.